नांगराच्या मुठीचा नळ

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आमचे हे नगरच्या लष्करी छावणीत, साहेबलोकांच्या मेसमध्ये कामाला होते. तिथं बिअरची पिंपं बर्फात कशी ठेवतात, पितळी नळाची दांडी पुढं ओढली की ग्लास कसा भरतो, हे ह्यांनी रोज पाहिलं आणि ते डोक्यात जे बसलं ते काही निघेना. नोकरी सुटली तेव्हा पाथर्डीला घरी आले ते भंगारातले तीन पितळी नळ पिशवीत घालून. दुष्काळ पडायच्या आधीचा तो उन्हाळा. मी म्हटलं, लोक नगरहून बायकोला लुगडं आणतात, तुम्ही नळ आणलेत. माझा राग कायम नाकावर, आणि ह्यांना माझ्या रागाचं हसू येई, त्यामुळं भांडण कधी रंगायचंच नाही.

बिअर विकायची नव्हतीच. आमच्या घरात तिचं नाव काढायचीही कुणाची छाती नव्हती. आलं, साखर आणि लिंबू घालून आंबवलेलं फसफसतं जिंजर ह्यांना छान जमायचं. ते आणि लिंबाचं सरबत एस.टी. स्टँडजवळ विकायचं ठरलं. जुनं देवदारी खोकं आतून पत्र्यानं मढवलं, भोवती लाकडाचा भुसा ठासला, आत लहान पिंपं बसवली. बर्फ नगरहून एस.टी.च्या टपावर गोणपाटात गुंडाळून यायचा. दोन नळ विकायच्या मालाचे आणि तिसरा थंड पाण्याचा, तो फुकट. पण नळांना मुठी नव्हत्या, नुसत्या आटे पाडलेल्या बोडक्या लोखंडी दांड्या होत्या.

त्याच सुमाराला माझ्या सासऱ्यांची नजर गेली. काचबिंदू. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता उपाय नाही. मी त्यांना मामा म्हणायचे. जन्मभर नांगर धरलेला माणूस, आता ओसरीवर बाजेवर बसून असायचा. "मी आता बसून खानारा," असं एकदा म्हणाले आणि खरोखरच जेवण कमी करत गेले. ताटातली अर्धी भाकरी तशीच परत यायला लागली. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं ती अर्धी भाकरी रोज मलाच दिसायची आणि माझा जीव तुटायचा. हे असंच चाललं तर हा माणूस फार दिवस राहणार नाही, हे मला स्पष्ट कळत होतं.

मीच ह्यांना म्हटलं, मामांना दुकानात बसवू. हे म्हणाले, दिसत नाही त्यांना, जिंजर मागितलं तर सरबत देतील. मी म्हटलं, मुठी वेगवेगळ्या करू, हाताला कळतील अशा. माझे वडील शेतीची अवजारं घरीच नीट करायचे, त्यामुळं कानस आणि गिरमिट माझ्या हाताला नवं नव्हतं. पाण्याच्या नळाला मी माझं चिरलेलं लाटणं कापून लावलं. सरबताच्या नळाला जुन्या जात्याचा खुंटा. जिंजरला काय लावावं ते सुचेना. गोठ्यात मामांचा जुना लाकडी नांगर पडून होता. त्याचं रुमणं, म्हणजे नांगरताना हातात धरायची मूठ, मामांच्या तळव्यानं झिजून गुळगुळीत झालं होतं. विचारायला गेले तर म्हणाले, "न्हे की. मला काय करायचंय आता त्येचं?" मी करवत घेतली आणि रुमणं तेवढं कापून काढलं.

मुठीला भोक पाडून आत नट बसवायचा आणि वितळलेली लाख ओतायची, विळ्याची मूठ बसवतात तसं. तिन्ही मुठी दांड्यांवर पिळून घट्ट बसवल्या. घरी खोक्यापुढं उभं करून मामांना सगळं दाखवलं. प्रत्येक मुठीवरून त्यांनी हात फिरवला आणि न चुकता सांगितलं. रुमण्यावर हात जरा जास्त वेळ राहिला. आत अजून काही भरलेलं नव्हतं, म्हणून नळ सोडून पाहायचं राहूनच गेलं.

आठवडी बाजाराच्या दिवशी हे त्यांना दुकानात घेऊन गेले. मीही कौतुकानं लिंबं द्यायच्या निमित्तानं गेले होते. नगरची गाडी आली, माणसं उतरली, कुणीतरी जिंजर मागितलं. मामांनी रुमणं धरलं. आणि त्या हातानं जन्मभर जे केलं होतं तेच केलं. नांगर खोल जावा म्हणून रुमणं खाली दाबतात. दांडी पुढं ओढायची होती, मामांनी सगळा भार टाकून खाली दाबली. फळी फाटून नळ उखडला आणि जिंजरचं कारंजं माणसांच्या अंगावर उडालं. एक जण ओरडला, "म्हातारबा, नांगरट काढताय व्हय!" सगळा स्टँड हसला. मामांनी चाचपत काठी शोधली, ह्यांचा हात झिडकारला आणि एका पोराला घराची वाट विचारत निघून गेले.

त्यानंतर ते भिंतीकडं तोंड करून पडले. चहासुद्धा नको म्हणायचे. हे हळहळत म्हणाले, ती मूठ काढून टाक, गोल गोटी बसवू, म्हणजे हात चुकणार नाही. मी उसळले. म्हटलं, हात चुकलेलाच नाही, चुकलाय तुमचा नळ. बोलून गेले रागाच्या भरात, पण बोलल्यावर माझं मलाच पटलं.

तोच नळ घेऊन मी लोहाराकडं गेले. म्हटलं, ही उभी दांडी तापवून काटकोनात वाकवा, मूठ माणसाच्या पोटाकडं आली पाहिजे, आणि खाली दाबली की नळ सुटला पाहिजे. नळामागं लोखंडी पट्टीही मारून घेतली, बैल जरी लोंबला तरी उखडू नये अशी. ह्यांनी खोकं ढकलगाडीवर घालून घरी आणलं, मामांच्या बाजेसमोर अंगणात मांडलं, जिंजर भरलं. मग मी घसा खाकरून म्हटलं, "मामा, रुमणं धरून बघा."

"नगं."

"एकडाव धरा. पुन्हा न्हाई म्हननार."

मग ते उठले, पुढं झाले, मूठ चाचपली. ती आता आडवी, कमरेच्या उंचीवर, थेट नांगरासारखी हाताला लागली. त्यांनी दाबली. ग्लास भरत आल्यावर धारेचा आवाज बदलला तशी सोडली. एक थेंब खाली सांडला नाही. "खाली दाबायचं व्हय?" म्हणाले, "मग हे आदी सुचलं न्हाई का तुमाला!" हे माझ्याकडं बघून हसले, मी डोळ्याला पदर लावला.

पुढच्या बाजारापासून मामा पुन्हा दुकानात बसायला लागले. दुपारी मी भाकरी घेऊन गेले तर पुढ्यात माणसं उभी, आणि हे आरामात बर्फ फोडत बसलेले. माझ्या बांगड्या ऐकून मामा म्हणाले, "सूनबाई, बस त्या बाकड्यावर."

आमच्याकडं सून सासऱ्यासमोर कधी बसत नसे, उभ्यानं बोलायचं तेही खाली मान घालून. मी तशीच उभी राहिले. त्यांनी रुमणं दाबलं, ग्लास भरला आणि माझ्या बांगड्यांच्या आवाजाच्या दिशेनं धरला. "बस म्हनलं ना. तुझं व्हईस्तोवर मी दुसऱ्या कुनाला देत न्हाई."

पुढ्यातली माणसं थांबली. मी बसले, आणि त्यांच्या हातून घेतलेला तो ग्लास सगळ्या स्टँडदेखत शेवटच्या घोटापर्यंत प्याले. मला लेकीसारखं वागवणारी माणसं पुढंही भेटली. पण लेकीसारखं बसवलं ते पहिल्यांदा ह्या माणसानं, आणि त्याचे उपकार मी अजून विसरलेले नाही.