रोमला बसने, उपाशीपोटी

आधीच सांगून ठेवते, आइंडहोव्हनहून रोमला जायचं असेल तर विमानाने जा. बस स्वस्त पडते, सोबत मिळते, सगळं खरं. पण घरी येऊन चार दिवस झाले तरी माझे पाय सुजलेलेच होते आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये मला दोनदा डुलकी लागली.

जायचं ठरवलं आईने. ती वसईहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली आहे. घराजवळच्या चर्चच्या दारावर तिला रोमच्या बसचा कागद दिसला, मी तो वाचून दाखवला, आणि तिथेच फसले. इथल्याच एका सिस्टरना पोप संतपद देणार होते. माझे पप्पा गेल्या वर्षी वारले. रिटायर झाल्यापासून ते रोमला जायचं म्हणत होते आणि ते म्हणण्यातच राहिलं. "तिथल्या मिस्सात त्यांच्यासाठी कम्युनियन घ्यायचंय. दुसरं काही बघायला नको मला," आई म्हणाली. मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, आणि कम्युनियन म्हणजे त्यात फादर देतात तो पवित्र भाकरीचा तुकडा. सणासुदीलाच चर्चची पायरी चढणाऱ्या मी मुकाट्याने रजा टाकली.

बस सकाळी साडेसहाला निघाली. बहुतेक प्रवासी सत्तरीच्या पुढचे, प्रत्येकाच्या मांडीवर चीज लावलेल्या ब्रेडचा डबा. आमच्या शेजारच्या सीटवर रीत नावाच्या पंच्याऐंशीच्या आजी होत्या. त्या आईशी डचमध्ये बोलत, आई मराठीत उत्तर देई, आणि मी भाषांतर करायला गेले की दोघींना ते नको असे. आईने वसईहून आणलेली सुकेळी काढली. वाळवलेलं केळं आजींनी आधी हुंगलं, मग एक खाऊन दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

जर्मनीत हायवेवरच्या टॉयलेटला सुट्टे पैसे लागतात, जवळ ठेवा. पहिला मुक्काम स्वित्झर्लंडच्या सीमेवर, बाझेलच्या अलीकडे. दुसऱ्या दिवशी गॉटहार्डचा लांबलचक बोगदा, मग मिलानच्या बाहेर दोन तास ट्रॅफिक. आई माळ जपत होती, मी तासागणिक चिडत होते. रोमच्या वेशीवरच्या हॉटेलात पोचलो तेव्हा जेवणात फक्त गार पास्ता उरला होता. आईने त्याचे दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

तिसरा दिवस सोहळ्याचा. पास फुकट असतात, पण ते चर्चमार्फत आधी मागवावे लागतात, आणि पास म्हणजे खुर्ची नव्हे. सहाला रांगेत उभे राहिलो, आठला सामानाची तपासणी झाली, आणि जागा मिळाली ती कठड्याला टेकून उभं राहण्याची. पोपच्या चर्चसमोरच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडे, गिटारी, एका गावचा अख्खा बँड. लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. मला कॉफी हवी होती आणि ती मी आधी रांगेतच पिऊन घेतली होती.

आईने काही घेतलं नाही. कम्युनियनआधी उपाशी राहायचा चर्चचा नियम आता एका तासाचा आहे, म्हाताऱ्यांना तर तोही नाही. पण माझी आजी कम्युनियनआधी मध्यरात्रीपासून पाणीही प्यायची नाही, आणि आई आजीचाच नियम पाळते. ती खाणार नाही हे मला माहीत होतं. आपण वसईच्या चर्चमध्ये पंख्याखाली बसलेलो नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. चूक तिची नव्हे, माझीच.

पोपनी सिस्टरचं नाव संतांमध्ये घेतल्याचं जाहीर केलं तेव्हा सगळा चौक टाळ्यांनी भरून गेला. रीत आजी रडल्या, आई रडली, थोडं मलाही रडू आलं. अर्ध्या तासाने, भर उन्हात, आई माझ्या अंगावर कलली.

स्वयंसेवकांनी तिला स्ट्रेचरवरून तंबूत नेलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. आयुष्यात एवढी मी कधी घाबरले नव्हते. नर्सने साखरेचं पाणी दिलं. आईने डोळे किलकिले केले तेव्हा मी म्हटलं, "तोंड उघड," आणि तिला काही कळायच्या आत चमचा घातला. मग दुसरा, तिसरा.

रंग परतला तसा तिने पहिला प्रश्न विचारला. "काय घातलंस तोंडात?"

मी सांगितलं. ती तंबूच्या कनातीकडे वळली.

थोड्या वेळाने एक फादर खास आजाऱ्यांसाठी कम्युनियन घेऊन आत आले, सोबत त्यावर छत्री धरणारा माणूस. ते आईपाशी थांबले. आईने तोंडावर हात ठेवून मान हलवली. मी तिला समजावलं, नियम सांगितला, शेवटी जवळजवळ ओरडले. फादर डोक्यावर आशीर्वादाचा हात ठेवून पुढे गेले. दोन दिवस बसमध्ये हाडं मोडून आलेली बाई, आणि तिला हवं ते हातभर अंतरावरून निघून गेलं. रीत आजी आमच्या मागोमाग आल्या होत्या. त्यांची आई अशीच उपाशी राहायची, सहाव्या बाळंतपणाआधी चर्चमध्ये कोसळली होती, असं त्यांनी मला हळूच सांगितलं आणि आईचा हात हातात घेऊन बसल्या.

परतीचे दोन दिवस आई माझ्याशी बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी ती साडी नेसून दाराशी उभी होती. मी कॉफी कपात ओतली, तिच्याकडे पाहिलं, आणि कप तसाच ओट्यावर ठेवला. आमच्या चर्चमध्ये मोजून पंधरा माणसं होती. हीटर बंद. ही वास्तू लवकरच विकणार आहेत म्हणे. आईने जिभेवर कम्युनियन घेतलं, जागेवर येऊन गुडघे टेकले आणि पप्पांचं नाव मला ऐकू येईल एवढ्या आवाजात घेतलं. दुखऱ्या गुडघ्यांवर ती बराच वेळ होती.

नंतर हॉलमध्ये रीत आजी सगळ्यांना कॉफी देत होत्या. माझा हात कपाकडे जरा घाईनेच गेला असावा. आई माझ्याकडे बघत राहिली.

"तूपण सकाळपासून काही घेतलं नाहीस?"

"नाही," मी म्हटलं. तिने पर्समधून शेवटचं सुकेळं काढलं, मोडून अर्धं केलं.

"तोंड उघड," ती म्हणाली.