आवाज न करणारं कार्ड

राग आला की तो दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचा. तळवे खाली, त्यांच्यावर सगळं अंग, आणि मान किंचित पुढे. बसायला जागा नसेल तर भिंतीला पाठ लावायचा आणि हात मागे दाबून धरायचा. लिफ्टजवळ असा उभा असताना तुम्ही त्याला पाहिलं असतं तर म्हणाला असतात, किती नम्र माणूस! आम्ही मात्र अशा वेळी लिफ्ट सोडून जिन्याने जायचो.

मी या इमारतीची सेक्रेटरी. लालबागमधली आमची चाळ पाडून हा टॉवर उभा राहिला, आणि राहायला येताना सगळ्यांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं, कारण मी याद्या करते. पाण्याच्या वेळा, गळत्या, कुणाचं पार्किंग, कुणाचं भांडण. प्रभादेवीच्या ऑफिसात खरेदी विभागात माझा जन्म गेला. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी घरात झाडूसुद्धा आणत नाही. तेव्हा त्याची माझी नीट ओळख झाली ती यादीमुळेच. तक्रारींच्या यादीत सगळ्यात वर तो होता.

त्याची गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. तुम्हाला सांगायला हवी.

चाळ रिकामी करून घ्यायला बिल्डरने एक माणूस ठेवला होता. बोटात किल्ल्यांचा जुडगा फिरवत दारोदार फिरायचा. याची आई दारातून हलेना, तेव्हा त्या माणसाने म्हातारीचा दंड धरून तिला ओढलं आणि ती जिन्यावरून खाली आली. खुबा मोडला, तो पुन्हा बसलाच नाही. हा त्या वेळी मसाला कांडपाच्या दुकानात कामावर होता. निरोप कळला तसाच धावत आला, कोपरापर्यंत मिरचीने माखलेला. त्याने आधी त्या माणसाचा हात मोडला. मोडताना झालेला आवाज मी तिसऱ्या मजल्यावर ऐकला आहे. मग त्याला खाली पाडून, छातीवर बसून, मिरचीची बोटं त्याच्या डोळ्यांत घातली. तो माणूस आजही काळा चष्मा लावतो आणि त्याखालून एका डोळ्याचं पाणी गळत असतं.

केस झाली. हा जामिनावर सुटला. वकिलाने त्याला माझ्यासमोर बजावलं, "परत हात उचललास तर जामीन गेला. म्हातारीला पाणी कोण पाजणार, ते बघ."

तेव्हापासून ते हात मांडीखाली गेले.

काळ्या चष्म्याचा माणूस गल्ली सोडून कुठे गेला नाही. मुद्दाम आमच्या फाटकासमोर, पानाच्या टपरीला टेकून उभा राहायचा. हा कामावरून आला की किल्ल्या फिरवत विचारायचा, "काय भाऊ, म्हातारी चालायला लागली का?"

याचे हात खिशात, पावलं जिन्याकडे. वर आला की शर्ट काढायचा, आईला पाणी द्यायचा, आणि कॉम्प्युटर लावून माणसं मारायला बसायचा.

त्याचा खेळ मी पाहिला आहे. बंदूक हातात घेऊन पडक्या शहरातून धावायचं आणि समोर दिसेल त्याचं डोकं उडवायचं. रक्त भिंतीवर उडतं, पाय तुटतात, माणूस खिडकीतून खाली कोसळतो. खोलीच्या मधोमध एक फुलाफुलांचा पडदा. पडद्याच्या अलीकडे ही कत्तल आणि पलीकडे आई. गोळीबार थांबला की पलीकडून बारीक आवाज यायचा.

"मेलो काय रे तो?"

"मेलो गे आये."

"मगे दोन घास खा."

तक्रार मात्र गोळीबाराची नव्हती. तो आवाज तो अगदी लहान ठेवायचा. तक्रार होती पंख्याची. खेळातली चित्रं हलवायला कॉम्प्युटरात एक वेगळं कार्ड लागतं. ते तापतं, म्हणून त्यालाच पंखे बसवलेले असतात. याचं कार्ड जुनं, कुणीतरी वापरून टाकलेलं. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. हवेसाठी हा दार उघडं ठेवायचा, त्यामुळे गिरणी सगळ्या मजल्यावर चालायची.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. शेजारचे एक काका म्हणाले, "दिवसभर ही घरघर! आजारी माणूस घरात असताना शोभतं का?"

हा उठला. मी म्हटलं, "बस खाली." तो बसला नाही. काकांकडे गेला नाही, एवढं त्याने केलं. वळून नोटीसबोर्डाच्या काचेत मूठ घातली. काच खाली आली, पाणीपट्टीच्या नोटिशीवरून रक्त ओघळलं, काकांच्या बायकोने किंकाळी फोडली. मग तो आपल्या खुर्चीवर आला आणि फाटलेला हात तसाच मांडीखाली घालून बसला. खुर्ची लाल होत गेली. मीटिंग मी तिथेच संपवली.

दुसऱ्या दिवशी नवी काच त्याने स्वतः बसवली आणि पट्टी बांधलेल्या हाताने माझी बेल वाजवली.

"मॅडम, तुम्ही ऑफिससाठी कॉम्प्युटर घेता ना?"

"घेते. का?"

"मला एक कार्ड बघून द्या. आवाज न करणारं. दिवाळीच्या बोनसात बसलं पाहिजे."

मी म्हटलं, "अरे, खेळच बंद कर की."

त्याने हातांकडे पाहिलं. "मग हे कुठे घालू?"

"बरं, मग हेडफोन लाव. तुला तरी घरघर ऐकू येणार नाही."

"हेडफोनात आई ऐकू येत नाही."

म्हातारीची छाती भरलेली असायची. हाक मारायची ताकद तिच्यात राहिली नव्हती. कफ अडकला की घशात नुसतं खुरखुर व्हायचं, लगेच तिला उठवून बसवायला लागायचं. सकाळी एक मावशी जवळ असायच्या. दुपारपासून हा एकटाच. ती खुरखुर पंख्याच्या घरघरीत बुडायची, म्हणून हा खेळता खेळता सारखा थांबायचा, पडदा बाजूला करून बघायचा आणि पुन्हा बसायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, याला कुणाची पर्वा नाही.

मी कागद घेतला. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या मुलींना विचारलं, दुकानांना फोन केले आणि आठवडाभरात मला त्या कार्डांचं बऱ्यापैकी कळायला लागलं. एक लहान पंखा जोरात फिरतो आणि किंचाळतो. दोन मोठे पंखे सावकाश फिरतात, म्हणून असं कार्ड घ्यावं. काम नसेल तेव्हा पंखे पूर्ण थांबणारं असेल तर उत्तम. वीज कमी खाणारं हवं, म्हणजे तापणार कमी आणि आतला वीजपुरवठ्याचा डबाही बदलावा लागणार नाही. आणि कॉम्प्युटरच्या डब्यात मावलं पाहिजे, म्हणून त्याला पट्टी घेऊन मापं काढायला लावली. सगळ्यात महागाचं कार्ड नको आणि सगळ्यात स्वस्त तर अजिबात नको.

"आणि खेळाचा वेग बांधून ठेवायचा," मी सांगितलं. "सेकंदाला साठ चित्रं पुरतात. मोकळं सोडलं तर कार्ड उगाच जिवाच्या आकांताने पळतं, तापतं आणि ओरडतं."

तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. "मॅडम, असा लिमिट माणसालापण टाकता येतो का बघा."

लॅमिंग्टन रोडला आम्ही दोघं गेलो. यादीतलं कार्ड एका दुकानात ठरलेल्या पैशांत मिळालं. खोकं सीलबंद, बिल पक्कं. घरी येऊन लावलं तर पंखा घसा खरवडल्यासारखा वाजू लागला. मी कार्ड उघडून पाहिलं. पात्यांच्या मुळाशी काळी धूळ बसलेली, स्क्रू आधी फिरवलेले. कुणीतरी रात्रंदिवस पिळून घेतलेलं जुनं कार्ड नव्या खोक्यात भरून आमच्या गळ्यात मारलं होतं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. काउंटरवरचा पोरगेला माणूस खोक्याकडे बघेना. "खोल दिया ना? वापस नहीं होता."

मी बिल पुढे केलं, धूळ दाखवली. त्याने बिल उलटं सरकवलं. "आंटी, टाइम खोटी मत करो."

हा शांतपणे म्हणाला, "भाऊ, घरी आजारी माणूस आहे. बदलून दे."

"तो हॉस्पिटल जा ना!" असं म्हणून त्याने खोकं काउंटरवरून ढकललं. याने ते झेललं आणि पुन्हा वर ठेवलं. तर त्या माणसाने सरळ याच्या कानाखाली वाजवली. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली, इतकी सणसणीत.

मला वाटलं, आता मेला तो दुकानवाला. माझ्या डोळ्यांसमोर मिरचीची बोटं आली. पण हा मागे सरकला, दुकानाच्या पायरीवर बसला आणि हात मांडीखाली घातले. ओठातून रक्त येत होतं, ते पुसायलाही हात बाहेर काढेना. त्या माणसाला वाटलं, हा घाबरला. तो काउंटरबाहेर आला आणि याच्या पाठीत लाथ घातली. पुन्हा घातली.

माझ्या पर्समध्ये स्टीलचा डबा होता, आमटीसकट. पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि फिरवली. डबा त्याच्या नाकावर बसला. नाक फुटलं, आमटी आणि रक्त एकत्र त्याच्या शर्टावरून उतरलं. तो खाली बसला तेव्हा आणखी एक दिला. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

पायरीवरून आवाज आला, "मॅडम, हात उचलायचा नाही!"

"तू गप्प बस," मी म्हटलं.

गर्दी जमली, आतून मालक धावत आला. सगळं ऐकून घेतलं, आपल्या माणसाच्या डोक्यात टपली मारली आणि आमच्यासमोर दुसरं खोकं फोडून, कार्ड लावून दाखवलं. मी वाकून कान लावला. काही ऐकू येईना. चालू आहे का, ते कळायला पात्यांकडे बघावं लागलं.

घरी लावलं त्या दिवशी त्याने मला चहाला बोलावलं. खेळ सुरू झाला, माणसं पडू लागली, आणि खोलीत इतकी शांतता की पडद्यापलीकडे म्हातारी कूस बदलत होती तेही ऐकू आलं.

"मेलो काय रे?"

"मेलो गे."

"मॅडमांका बिस्किट दी."

पुढचे काही महिने इमारतीत त्याची तक्रार आली नाही. फाटकावरचा माणूस रोज तेच विचारायचा, हा रोज खिशात हात घालून वर यायचा. एकदा त्याने विचारण्याबरोबर म्हातारी चालली तर कशी लंगडेल, ते करून दाखवलं. त्या दिवशी याच्या खिशाची शिवण उसवली. आईनेच मला सुईत दोरा ओवून द्यायला सांगितला आणि पडल्या पडल्या खिसा शिवला. "घट्ट शिवलंय हां," ती मला म्हणाली.

म्हातारी एका दुपारी गेली. हा खेळत होता. श्वास बदलला तो याला ऐकू आला. हातातलं टाकून पलीकडे गेला आणि तिला उठवून छातीशी धरलं. मी पोचले तेव्हा ती तशीच त्याच्या अंगावर रेलून होती. कॉम्प्युटरवर गोळ्या चालूच होत्या.

"ऐकलं मॅडम," तो म्हणाला. "शेवटचापण ऐकला."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात आला. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं कार्ड माझ्या हातात दिलं.

"हे ठेवा. ऑफिसात कुणाला लागलं तर."

"अरे, आणि तू?"

"जुनं पडलंय ना. तेच लावलं." जिन्याकडे वळताना म्हणाला, "आता ऐकायचं काय आहे?"

मी त्याला आत बोलावलं. चहा टाकते म्हटलं. तो थांबला नाही.

थोड्या वेळाने सगळ्या मजल्यावर गिरणी सुरू झाली. इतके महिने सवय गेलेली, त्यामुळे आणखीच कर्कश वाटली. काकांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा लावून घेतलं. मी त्याच्या खोलीशी गेले. दार सताड उघडं. खुर्ची रिकामी. खेळ चालू होता आणि त्यातला त्याचा माणूस चौकाच्या मधोमध नुसता उभा होता. कुणीतरी येऊन त्याच्या डोक्यात गोळी घातली. तो पडला. पुन्हा उभा राहिला. पुन्हा घातली. फुलाफुलांचा पडदा काढून टाकला होता आणि पलीकडच्या खाटेवर गादी गुंडाळून ठेवली होती. विचारणारं कुणी नव्हतं.

मी बटण शोधून मशीन बंद केलं. पंख्याची घरघर उतरत उतरत थांबली. आणि मग खालचं ऐकू आलं. किल्ल्यांचा जुडगा दगडावर आपटला ते. त्या माणसाचा आवाज ऐकला. ती ओरड होती, मग नुसती घरघर. आणि एका लयीत पडणारे ठोसे, कांडपासारखे.

तो माणूस जगला आहे. बोलता येत नाही, नळीने जेवतो.

मी चौकीवर गेले तेव्हा हा बाकावर बसला होता. कुणी धरून आणला नव्हता, स्वतःच चालत गेला होता. हात मांडीखाली होते आणि पँट दोन्ही बाजूंनी भिजून काळी झाली होती. मी समोर उभी राहिले तशी त्याने मान वर केली.

"मॅडम, मशीन बंद केलंत ना?"

"केलं."

"बरं केलंत," तो म्हणाला. "काकांना त्रास होतो."