कूलरच्या बटणाला कुंकू

तुम्ही नातवंडं मोबाइलच्या पडद्यावरची बटणं आखता आणि ती लोकांना न विचारता कळली पाहिजेत असं फोनवर म्हणता, तेव्हा मला धरमपेठेतल्या आमच्या भाड्याच्या घरातला बोर्ड आठवतो.

तो तुमच्या आजोबांनी हौसेनं बसवून घेतला होता. एका ओळीत सहा काळी बटणं, सगळी सारखी. "कशी शिस्तीत उभी आहेत बघ!" शिस्त मलाही आवडते, पण माझ्या मसाल्याच्या डब्यात हळद आणि तिखट निदान रंगानं ओळखू येतात. इथं दिवा लावायला जावं तर पंखा बंद व्हायचा.

त्या उन्हाळ्यात कूलर आला. त्याची दोन बटणंही त्याच सहांतली, एक पाण्याच्या मोटरचं, एक पंख्याचं. आधी मोटर लावून वाळ्याची ताटी भिजवायची, मग पंखा. नुसता पंखा लावला तर मे महिन्यातली लू थेट खोलीत. सासूबाईंनी मोटरच्या बटणावर कुंकवाचं बोट ओढलं आणि घरातला गोंधळ मिटला.

अशात माझ्या धाकट्या नणंदेला बघायला उमरेडची मंडळी यायची होती. 'मुलगी फार बोलते' म्हणून दोन ठिकाणांहून नकार आला होता. हा मुलगा तिनं मैत्रिणीच्या लग्नात पाहिला होता आणि तो तिला मनापासून हवा होता. सासूबाईंनी बजावलं, "विचारल्याबिगर तोंड उघडू नको वं."

पाहुणे भर दुपारी आले. सासूबाई कूलर लावायला उठल्या आणि बोर्डासमोर थबकल्या. सहाही बटणांना कुंकू!

"अवो, हे काय करून ठेवलं?"

मामंजी म्हणाले, "सकाळी पाहिलं तर एकालेच कुंकू. मले वाटलं पूजा अर्धीच राहिली. बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं?"

मग त्यांनी स्वतःच बटणं दाबायला घेतली. ट्यूबलाइट लागली. छताचा पंखा थांबला. रेडिओ कापसाचे भाव सांगू लागला. आणि मग कूलरचा पंखा सुरू झाला, कोरडाच. धुळीसकट गरम झोत मुलाच्या वडिलांच्या तोंडावर आला, बशीतला चिवडा धोतरावर गेला.

मान खाली घालून बसलेली नणंद ताडकन उठली. "बाबा, ते बंद करा! चौथं दाबा, चौथं! पाहुणे भाजून राहिले ना!"

सासूबाईंनी डोळे मिटले. मामंजींनी पंखा बंद करून चौथं दाबलं. त्या मोटरला आवाज नव्हता, त्यामुळे ती लागली की नाही हे कळेना. सगळे ताटीकडे बघत बसले. अखेर पाणी झिरपलं, पंखा लागला, गारवा आला.

पदरानं घाम टिपत मुलाची आई म्हणाली, "पोरगी बोलते वाटते."

"मले नको बोलू म्हणून सांगितलं होतं," नणंद म्हणाली. आता काय राहिलं होतं लपवायला!

"काहून? आमच्या घरी बाप-लेक दोघंही मुके. इतकी वर्षं मी एकटीच बोलून राहिली." मग त्या मुलाकडे वळल्या. "काय गा, पसंत आहे का?"

तो लाजून काहीतरी पुटपुटला.

"जरा मोठ्यानं सांगा," माझी नणंद म्हणाली, "कूलर चालू आहे."