शनिवारचा मेंदूचा तास

वर्गात एखाद्याला उत्तर आलं नाही की आमचे विज्ञानाचे मास्तर स्वतःच्याच कपाळावर बोटाने टकटक करायचे, नारळ पारखून बघावा तशी. मान तिरकी करून ऐकायचे आणि विचारायचे, "घरात कोण आसा काय?" मुलं हसायची. ज्याला उत्तर आलेलं नसायचं तोही हसायचा. त्या काळी मास्तरांची बोटं पोरांच्या डोक्यावर वाजत. हा एकटा माणूस स्वतःचं डोकं वाजवून घ्यायचा.

मालवणजवळच्या त्या शाळेत मी चित्रकला शिकवायला लागलो ते पन्नास सालानंतरचे दिवस. मास्तर मूळचे शिरोड्याकडचे. उंच, काटकुळे, कोटाचे खिसे कायम फुगलेले. इतर तासांना, ती टकटक सोडली तर, ते पुस्तकी मराठी बोलत. शनिवारी शाळा सुटण्याआधीच्या तासाला मात्र मालवणीत उतरत. हा तास वेळापत्रकात नव्हता. त्यांनी हेडमास्तरांच्या मागे लागून तो मिळवला होता.

"आमी पोरांका गणित शिकवतव, भूगोल शिकवतव," ते मला म्हणाले होते. "पण शिकूचा कसा, ता कोण सांगता?"

एका शनिवारी ते खाटकाकडून बकऱ्याचा मेंदू केळीच्या पानात बांधून घेऊन आले आणि मला फळ्यावर त्याचं चित्र काढायला बोलावलं. मी शुद्ध शाकाहारी. मी फळ्याकडे बघत राहिलो आणि मेंदू बराचसा अंदाजाने काढला. पहिल्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, आमच्याकडे ह्येचा सुक्या करतत."

"खावचा तुझ्या घराक. हय बघूचा."

मग मुलं त्या मेंदूच्या वळ्यांवर वाकून बघत राहिली. कोणीतरी विचारलं, गणिताची वळी कुठली? मास्तर म्हणाले, "ता माका ठावक नाय. तू मोठो झालस की शोधून काढ आणि माका येऊन सांग." तेवढ्यात हेडमास्तर दारात डोकावले. पानातली वस्तू त्यांना दिसली, आणि धोतराचा सोगा उचलून ते आले तसे मागे फिरले. पुढचा आठवडाभर ते त्या वर्गाकडे फिरकले नाहीत.

नंतर मास्तरांना शिकणारा जिवंत मेंदू हवा झाला. तिशीला आलो तरी मला सायकल येत नव्हती, हे त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं. कापणी झालेल्या मळ्यात सगळा वर्ग बांधावर बसवला. "चित्राचे मास्तर आज सायकल शिकतले. कोणी हसूचा नाय, नुसता बघूचा." मी पडलो, पुन्हा चढलो, पुन्हा पडलो. हसलं नाही असं कोणी उरलं नाही. पुढच्या शनिवारी मात्र मी मळ्याच्या टोकापर्यंत गेलो.

"बघितलास?" मास्तर खुशीत वर्गाला म्हणाले. "आठवडाभर ह्यांनी सायकलीक हात लावूक नाय, तरी सुधारले. शिकलेला झोपेत मुरता, लोणच्यासारख्या."

मागून आवाज आला, "सर, ह्ये रोज सकाळी दर्यार सायकल शिकतत. मी बघलंय."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "मग अर्धा झोपेन मुरला, अर्धा दर्यान," ते म्हणाले आणि तास पुढे चालू ठेवला.

त्याच वर्गात शेवंती नावाची मुलगी होती. अक्षरं तिच्यापुढे आली की ती गप्प व्हायची. एक दिवस तिचा बाप तिला शाळेतून काढायला आला. वागणुकीने चांगला माणूस, पण कंटाळलेला. म्हणाला, "ह्या चेडवाच्या डोक्यात काय रवणा नाय, मास्तर. उगाच बाक अडवून बसलाहा."

"रवणा नाय, की कोणी नीट ठेवूक नाय?" मास्तर म्हणाले. मग शेवंतीकडे वळले. "जत्रेतलो दशावतार बघितलस मां? राजा काय बोललो?"

शेवंतीने बापाकडे चोरून पाहिलं आणि सुरुवात केली. राजाचं बोलणं, राक्षसाचं बोलणं, मधली ओरड, राणीचं रडणं, सगळं, आवाज बदलून. बाप दाराला टेकून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी राजाचं तेच भाषण फळ्यावर लिहायला घेतलं. शेवंतीला ते पाठच होतं, त्यामुळे कुठल्या खुणेत कुठला शब्द बसलाय ते तिला हळूहळू दिसायला लागलं. वर्ष सरता सरता ती वाचू लागली. वाचताना राजाचा आवाज मात्र बरेच दिवस सुटला नाही. भूगोलसुद्धा ती दरबारात उभं राहिल्यासारखा वाचायची.

पुढे काही वर्षांनी, गणपती बोळवून झाल्यावर, मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द विसकटले. पाणी हवं असलं की ते "खडू" म्हणत. त्यांची बायको, आमच्या काकी, धावत जाऊन खडू आणून देत. मास्तर हातातल्या खडूकडे बघत राहत. पहिले काही दिवस ते स्वतःच हसले. मग हसणं थांबलं, बोलणंही थांबलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. शाळेत नवा मास्तर बघायची भाषा सुरू झाली.

शेवंती तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. एका संध्याकाळी मी गेलो तर ती खाटेजवळ बसलेली. पुढे पाण्याने भरलेला तांब्या.

"ह्यात काय आसा?"

मास्तरांनी डावा हात पुढे केला. तिने तांब्या मागे ओढला. "आधी सांगा."

"खडू," मास्तर म्हणाले, आणि चूक कळून त्यांनी डोळे मिटले. मला राहवेना. मी तोंड उघडलं, तशी ती माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "सांगा नको, सर. येतला तेंका."

आम्ही थांबलो. काकी दारात पदर धरून उभ्या होत्या. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. ओठ जुळत, सुटत, पुन्हा जुळत. आणि फार वेळाने, अगदी लहान मुलाच्या आवाजात, "पा… पाणी."

काकी रडायला लागल्या. मास्तरही. शेवंतीने तांब्या त्यांच्या हातात दिला, पिऊन होऊ दिलं, आणि कंदिलाकडे बोट दाखवून म्हणाली, "आता ह्या काय?"

पुढच्या जूनमध्ये मास्तर काठी टेकत वर्गात आले. पहिल्याच शनिवारी त्यांनी पोरांना स्वतःच्या डोक्याची गोष्ट सांगितली. "शब्द आत आसा. माका दिसता. पण गावणा नाय." बोलता बोलता मध्येच अडकत. एरवी गलका करणारा तो वर्ग अशा वेळी चिडीचूप बसे. एखादा शब्द सापडला की मास्तरांच्या आधी पोरंच सुटकेचा श्वास टाकत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक नवंच खूळ काढलं. जन्म माडाबागायतीतल्या घरात गेलेला, जाळ्याला कधी हात न लावलेला हा माणूस पाग टाकायला शिकू लागला. पाग म्हणजे एकट्याने हाताने फेकायचं गोल जाळं. दोन्ही हात धड असलेल्यालाही ते लवकर साधत नाही. रापणीवरचे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे, लोक त्यांना शिकवत आणि पाठ फिरवून हसत. मी विचारलं, मासे बाजारात मिळत नाहीत का? ते म्हणाले, "माशे कोणाक होये?"

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते ओहोटीच्या वेळी, गुडघाभर पाण्यात. जाळं प्रत्येक वेळी गोळा होऊन पडत होतं, ओल्या पंच्यासारखं. ते ओढून घेत, डाव्या खांद्यावर नीट करत, पुन्हा फेकत. मी किनाऱ्यावर उभा होतो, त्यांना ते ठाऊक नव्हतं. आणि एकदा ते जाळं हवेत उघडलं, पुरतं गोल, आणि तसंच पाण्यावर पसरलं. ओढलं तर आत काही नव्हतं. मास्तर वळले आणि कोणी पाहिलं का म्हणून किनारा शोधू लागले. मी दोन्ही हात वर केले.