शाफ्टचा पंचनामा

वळणावर एखादी गाडी टक-टक करीत गेली की ती घटना मला आजही आठवते आणि मी चहाचा कप खाली ठेवतो. बायको म्हणते, लोकांना निवृत्तीनंतर पदके आठवतात, तुम्हाला आवाज आठवतात. असेल. पण माझ्या नोकरीत ज्याने मला सर्वांत जास्त छळले, तो संशयित माणूस नव्हता. तो हातभर लांबीचा लोखंडी दांडा होता. माणसांची नावे मी इथे घेणार नाही. दांड्याचे घेतो, त्याला ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात.

तेव्हा मी सुरतेत, तापीच्या पलीकडच्या बाजूला, एका पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. ठाण्याची सकाळ ठरलेली असे. आदल्या दिवशीचे दारुडे सोडायचे, हरवलेल्या मोबाईलवाल्यांची समजूत काढायची, लूम कारखान्यातल्या मारामाऱ्यांचे जबाब घ्यायचे. त्या दिवशी माझ्या रायटरने दोन कागद एकाच वेळी टेबलावर ठेवले आणि म्हणाला, साहेब, दोन्हीतला माणूस एकच आहे.

पहिला कागद एका शेठचा अर्ज. शेठ आमच्या खानदेशातलेच, धुळ्याकडचे. लूमवर उभे राहून दिवस काढले आणि आता स्वतःची एम्ब्रॉयडरीची यंत्रे होती. वर्षभरापूर्वी त्यांनी एक मोठी गाडी घेतली होती, इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळणारी. अशी गाडी बर्फात आणि डोंगरात लागते. सुरतेत डोंगर म्हणजे उड्डाणपूल आणि बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा. ती गाडी फार तर हजीऱ्याच्या पुढे, सुवालीच्या किनाऱ्यावर वाळूत जाऊन यायची, आणि शेठ कारखान्यात सगळ्यांना ते सांगायचे.

आता ही गाडी वळताना पुढच्या डाव्या चाकापाशी टक-टक वाजत होती. शेठचे म्हणणे असे, की त्यांच्या ड्रायव्हरने कंपनीचा मूळ शाफ्ट काढून विकला आणि जागी झिजलेला जुना बसवला. गुन्हा दाखल करा, अटक करा.

दुसरा कागद त्याच ड्रायव्हरच्या चारित्र्य पडताळणीचा. कोसाडच्या वसाहतीत राहणारा माणूस. त्याला हजीऱ्याच्या एका कारखान्यात बस चालवण्याची नोकरी लागत होती. कायम नोकरी, पीएफ, घरच्यांना दवाखाना. त्याच्यासारख्या माणसाला असे दार एकदाच उघडते. मी चोरीचा गुन्हा नोंदवला असता तर ते तिथल्या तिथे बंद झाले असते. कंपनीवाले पडताळणीत गुन्हा हा शब्द दिसेपर्यंतच वाचतात.

मी शेठना विचारले, गाडी गॅरेजमध्ये दाखवली का? नाही दाखवली. पोटात दुखले तर माणूस डॉक्टरकडे जातो, शेठ पोलिसांकडे आले होते. मग शाफ्ट बदलल्याचे कोणी सांगितले? त्यांच्या मेहुण्याने. मेहुण्याला गाड्यांमधले सगळे कळते, असे शेठच्या घरात ठरलेले होते.

दुपारी मेहुणा स्वतःच ठाण्यात आला, खबर द्यायला. ड्रायव्हरला त्याने भर दिवसा, कारखान्याच्या मागे गाडीखाली आडवे पडलेले पाहिले होते. एकदा नाही, अनेकदा. हातात काहीतरी काळे होते. विचारले तर तो गडबडून उठला आणि निघून गेला. खबर देऊन झाल्यावरही मेहुणा उठेना. चहा घेतला, दुसरा घेतला, आणि मग म्हणाला की ड्रायव्हर गेलाच तर त्या जागेसाठी त्याच्या ओळखीचा एक चांगला माणूस आहे. नोकरीभर मी हे पाहिले आहे. खबर देऊन जो बसून राहतो, त्याच्या पोटात अजून एक खबर असते.

तरी खबर ती खबर. मी ड्रायव्हरला बोलावले. चाळिशीचा, सडपातळ, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. समोर बसला आणि हात मांडीवर ठेवले. समोरचा खानदेशी असला की मी साहेबी मराठी बाजूला ठेवून अहिराणीत उतरायचो. निम्मे लोक तिथेच ढिले पडायचे. हाही बोलला, पण काय बोलला ते पाहा.

"मी गाडीखाल गयथू, ते खरं शे. काबर गयथू ते सांगाव नही, साहेब."

"काबर नही सांगाव?"

"शप्पथ शे."

"कोनी शप्पथ?"

"तेबी शप्पथमाच शे."

गाडीखाली गेलो हे खरे, का ते सांगणार नाही, शपथ कोणाची तेही शपथेतच. यापुढे काय विचारायचे, हे पोलीस प्रशिक्षणात शिकवत नाहीत. मी रागावलो, टेबलावर हात आपटला, हजीऱ्याच्या नोकरीचा कागद त्याच्या नाकासमोर धरला. तो कागदाकडे बघत राहिला. डोळे भरून आले, पण तोंड उघडले नाही. रायटरने जबाब लिहिला तो सगळा दीड ओळीचा. खोटे बोलणारा माणूस लांबलचक गोष्ट सांगतो, तारखा सांगतो, देवाला मध्ये घालतो. याने देवालाही घातले नाही. त्यामुळे मला त्याचा राग आला आणि विश्वासही वाटू लागला, आणि या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या की झोप लागत नाही.

दुसऱ्या दिवशी शेठ गाडी घेऊन ठाण्याच्या आवारात आले, सोबत मेहुणा. म्हणाला, साहेब, मी आत्ता सिद्ध करून देतो. मी पंच बोलावले. आमचे पंच ठरलेले, समोरचा चहावाला आणि शेजारचा झेरॉक्सवाला. मेहुण्याने गाडीचा पुढचा भाग जॅकवर चढवला. पुढची चाके हवेत फिरवायची, स्टिअरिंग पूर्ण वळवायचे आणि आवाज कुठून येतो ते पंचांना ऐकवायचे, असा त्याचा बेत. बेत साध्या गाडीसाठी उत्तम होता. पण या गाडीची मागची चाके जमिनीवर होती आणि त्यांनाही ताकद मिळते, हे तो विसरला. त्याने गिअर टाकला, पुढची चाके हवेत गरगरली आणि मागच्या चाकांनी गाडी जॅकवरून ढकलून दिली. गाडी आवार ओलांडून गेली आणि जप्तीच्या रिक्षांच्या रांगेला टेकून थांबली. एका रिक्षाचा पत्रा चेपला. झेरॉक्सवाला पंच शांतपणे म्हणाला, साहेब, हे पंचनाम्यात घ्यायचं का?

शेठनी मेहुण्याकडे पाहिले, ते पाहणे मी जपून ठेवले आहे. त्यानंतर तपास मी माझ्या हातात घेतला आणि सगळी वरात वराछा रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये नेली.

गॅरेजवाला अस्सल सुरती. वाक्याच्या सुरुवातीला एक शिवी, शेवटी एक, आणि मध्ये काम. पोलीस बघूनसुद्धा त्याने व्याकरण बदलले नाही. त्याने गाडी मोकळ्या जागेत हळूहळू गोल फिरवली. सरळ जाताना काही नाही. उजवीकडे पूर्ण वळवली की डाव्या चाकापाशी टक-टक-टक. "साहेब, बेरिंग ज छे, लखी लो," असे त्याने जाहीर केले. मग गाडी चारही चाकांसकट लिफ्टवर चढवली. चाक हाताने हलवले, बेरिंग ठणठणीत निघाले. तेव्हा त्याने चाकाच्या आत डोके घातले, रिमच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस शिंपडलेले पाहिले आणि मान बाहेर काढून म्हणाला, "हुं तो पहेलेथी ज कहेतो हतो, शाफ्ट छे."

त्याने आम्हाला समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. शाफ्ट इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेतो. त्याच्या टोकाला, चाकाजवळ, एक सांधा असतो, आपल्या खांद्यासारखा. त्यात गोळ्या असतात आणि ग्रीस भरलेले असते. वरून रबराचे आवरण असते, त्याला ते लोक बूट म्हणतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते, धूळ-वाळू आत जाते आणि सांधा झिजतो. मग वळताना गोळ्या खोबणीत आपटतात आणि टक-टक वाजते. हा बूट फाटलेला होता. शाफ्टवर कंपनीचा शिक्का जागच्या जागी होता. म्हणजे चोरी नव्हतीच. मी हुश्श केले.

पण लगेच गॅरेजवाल्याने टॉर्च मारला. शाफ्टभोवती बुटाच्या कडेशी काहीतरी काळे, जाड, गुंडाळलेले होते. थरावर थर. पक्कडीने ओढले तर तुटेना, पॉलिस्टरचा धागा होता, लूमवरचा. त्याच्यातून एक लोखंडी खिळा बाहेर डोकावत होता. शाफ्ट फिरला की ते पुडके बुटावर घासायचे आणि खिळा रबर कुरतडायचा. मेहुण्याला पुन्हा आवाज फुटला. पाहा, म्हणे, मुद्दाम खिळा बांधला, घातपात आहे, शेठ त्या गाडीत बसतात, हा तर खुनाचा प्रयत्न झाला. शेठचा चेहरा पडला. खरे सांगायचे तर माझाही. चोरीतून सुटलेला माणूस त्याहून वाईट कलमात अडकत होता, आणि गाडीखाली तोच जात होता हे तो स्वतः कबूल करून बसला होता.

मी धागा कापून पुडके हातात घेतले आणि नखाने उकलले. आत कोळशाचा तुकडा होता. आणि एक काळी, चपटी, चकचकीत बी. गॅरेजवाल्याने वाकून विचारले, आ शुं छे साहेब, बदाम छे?

बदाम नव्हता. बिब्बा होता. काळ्या दोऱ्यात बिब्बा, कोळसा आणि खिळा. माझ्या आईने माझ्या पहिल्या मोटारसायकलला हेच बांधले होते. घातपात करणारा माणूस बिब्बा कशाला बांधील? दृष्ट लागू नये म्हणून जो बांधतो, त्याला त्या गाडीत बसणाऱ्याचे वाईट व्हायला नको असते. मी शेठना विचारले, घरात बिब्बा कोण आणतं? शेठनी पुडक्याकडे पाहिले आणि म्हणाले, आई.

घरी शेठची आई ओट्यावर वाती वळत बसली होती. ऐंशीच्या घरातली, नऊवारीतली, तेज बाई. मी समोर पुडके ठेवले. तिने ते उचलून पाहिले आणि खेकसली, कोनी सोडं हे? मी म्हणालो, माय, यामुळे तुमचा ड्रायव्हर जेलमध्ये जात होता. एवढे दिवस घरात हा गोंधळ चालला आहे, तुम्ही बोलला का नाहीत?

"माले कोनी इचारंच नही."

मग सगळे बाहेर आले. दर अमावस्येला ती नवा दोरा तयार करायची. माणसाच्या पायात बांधतात तसा गाडीच्या पायात बांधायचा, आणि गाडीचा पाय म्हणजे चाकामागचा दांडा, हे तिने स्वतः खाली वाकून ठरवले होते. स्वतःला आडवे होता येत नव्हते म्हणून ड्रायव्हरला धाडायची. कोणाला सांगितले तर दोऱ्याचा गुण जातो, म्हणून त्याला शपथ घातली होती, तिच्या स्वतःच्या जिवाची. तो माणूस हजीऱ्याची नोकरी सोडायला तयार होता, पण म्हातारीच्या जिवाची शपथ मोडायला नव्हता.

शेठ चिडले. म्हणाले, आई, एवढी महागाची गाडी, तिला नजर लागू नये म्हणून तूच तिचा सांधा मोडलास.

म्हातारीने वातीचा कापूस खाली ठेवला.

"गाडीले नही रे भो. गाडी चालाडनारले बांधेल व्हता. गाडी नवी इ जाई. पोऱ्या कोठून आनसूत?"

 शेठचा थोरला भाऊ ट्रक चालवायचा आणि हायवेवरच्या अपघातात गेला होता, हे मला नंतर चहावाल्या पंचाने सांगितले. तेव्हा मला फक्त शेठनी मान खाली घातलेली दिसली.

पुढचे काम गॅरेजचे. गाडी जमिनीवर उभी करून, ब्रेक दाबून धरायला शेठना बसवले आणि लांब पाइप लावून चाकाचा मोठा नट सैल केला. मग गाडी वर घेतली, चाक काढले, सांध्याचा बोल्ट सोडून जुना शाफ्ट उचकटून बाहेर ओढला, तेव्हा गिअरचे तेल मेहुण्याच्या बुटावर सांडले. मेहुणा त्या जागेवर का उभा होता, हे गॅरेजवाल्यालाच माहीत. नवा शाफ्ट आत सरकवला, कट् असा आवाज आला तेव्हाच तो बसला असे मानतात. नवा नट घट्ट केला, तेल भरले. मग शेठनी ड्रायव्हरला बोलावून किल्ली त्याच्या हातात दिली. माफी मागणे त्यांना जमले नाही, किल्ली देणे जमले. ड्रायव्हरने गाडी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गोल फिरवली. आवाज नाही. दोन्ही पंच कान लावून उभे होते, त्यांनी तशा सह्या केल्या.

शेठचा अर्ज दप्तरी दाखल झाला. या प्रकरणाने मला काय शिकवले, असे व्याख्यानांत विचारतात. मी एवढेच सांगतो, की संशयिताला दहा प्रश्न विचारण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक विचारावा. आम्ही मेहुण्याचे ऐकले, पंचांचे ऐकले, गाडीचेसुद्धा ऐकले. ओट्यावर बसलेल्या बाईपाशी सगळ्यांत शेवटी गेलो.

ड्रायव्हर पडताळणीचा कागद न्यायला आला. विरुद्ध काही आढळून आले नाही, असे रायटरने टंकले होते. सही करताना माझी नजर खाली गेली. त्याच्या पॅंटखाली घोट्यावर जाड काळा दोरा होता, लूमवरचा, न तुटणारा, त्यात बिब्बा. खिळा मात्र नव्हता, तो काढायला मीच म्हातारीला सांगितले होते.

मी विचारले, कोनी बांधा रे हाऊ दोरा?

त्याने हात मांडीवर ठेवले.

"सांगाव नही, साहेब. शप्पथ शे."

मी सही केली.