आबा जिवंत असताना मुंडण

शेजारचा तो पोरगा मालिकांत कामं करतो, शेरवानीच्या जाहिरातींत उभा राहतो. दूध आणायला गेला तरी चेहऱ्याची डावी बाजूच पुढे करतो. मला ते आवडत नाही.

परवा मालिकेसाठी मुंडण करून धुळ्याला आला. बाप मेल्यावर करतात, ते. इकडे त्याचे वडील, आबा, अंथरुणाला खिळलेले. टोपी घालून तो माझ्या ओट्यावर बसला, घरात जाईना.

"उवा झाल्या म्हण," मी म्हटलं.

"अक्का, आबांसमोर मी नाटक करत नाही."

टोपी काढून तो आत गेला. मी मागोमाग. त्याची आई भिंतीला टेकली. आबांनी त्याचं डोकं चाचपलं, अहिराणीत विचारलं.

"काम तरी मोठं शे का?"

"नही, आबा. एकच दिननं शे."

आबांनी हात काढला नाही.