मेणाच्या ब्लॉकवर कुंकू

मी कारेलीबागेत आत्याकडे राहायचो, कॉलेजच्या नावाखाली. खरं काम नकलांचं. करजणच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल हेडमास्तरांसमोरच केली होती. आत्याच्या फुप्फुसात बारक्या गाठी निघाल्या, तेव्हा तिला हसवायला डॉक्टरांच्या नकला धरल्या.

सुईने काढलेल्या तुकड्यावरून एवढंच कळलं की गाठी रक्तवाहिन्यांच्या पेशींच्या आहेत. यात दोन दुर्मीळ जाती. एक बहुतेकदा सावकाश वाढते, दुसरी सुसाट. दिसायला सख्ख्या बहिणी. फरक कळायला तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक मांडवीजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये न्यायचा होता. तिथे वेगळे रंग देऊन बघणार होते.

संध्याकाळी ब्लॉक घरी आणला. आत्याच्या आजारपणासाठी आईही करजणहून येऊन राहिली होती. सकाळी बघतो तर देवघरात, वर कुंकू.

"आई, हे काय?"

"तिच्याच अंगाचा तुकडा ना? देवापुढे ठेवला तर काय बिघडलं?"

रुमालाने पुसलं, तर कुंकू आणखी पसरलं.

लॅबचे डॉक्टर गुजराती, कमी बोलणारे. त्यांनी ब्लॉक उजेडात फिरवला, कुंकवावर बोट ठेवलं. "चांदलो कोणे कर्यो?"

"मम्मीए."

"वरचा थर तासावा लागेल. आत तुकडा शेवईएवढाच आहे. उरला तर बघू."

उरला तर. पुढचे चार दिवस हेच डोक्यात. स्कूटर चालू करायचो, बंद करायचो. जेवता जेवता उठायचो. आईने विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, कुंकू कुठल्या दुकानातलं विचारत होते. आत्याला मात्र खरं सांगितलं.

"वहिनीला बोलू नकोस," ती म्हणाली. "मनाला लावून घेईल."

पाचव्या दिवशी रिपोर्ट घेऊन आलो. आत्या मेथी निवडत होती. तोंडाकडे न बघता म्हणाली, "डॉक्टरांच्या आवाजात सांग."

मी चष्मा नाकावर ओढायची खूण केली, घसा खाकरला. "जुओ बेन. सारी नथी. पण धीमी छे."

ती हसली, मग खोकत राहिली. पाणी प्यायली.

"आता खरं सांग."

"हेच खरं आहे, आत्या. चांगली नाही, पण सावकाश वाढणारी. तुकडा पुरला."

तिचा विश्वास बसेना. इतकी वर्षं माझ्या नकला ऐकल्यावर कुणाचा बसेल? मी कागद पुढे केला. तिने ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचला आणि आईच्या हातात दिला. आई तो घेऊन देवघराकडे निघाली. मी उठलोच, तर आत्याने माझा शर्ट धरला.

"लावू दे," ती म्हणाली. "तो कागदच आहे."